मामांच्या ३ गाड्या आणि तुलना नेमकी कशाची करायची

दिवाळीला कोल्हापूरला गेले होते. फराळाचं ताट अजून पुढ्यात होतं, तेवढ्यात मामांनी विचारलं, "काय गं, तू आकड्यांत पीएचडी करालीस न्हवं? मग एवढंच सांग. गाड्या कंपनीला लावू का नको?"

मामांकडे ३ दहा चाकी ट्रक आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग भरायचं, चाकणला टाकायचं आणि येताना मिळेल ते रिटर्न भाडं घेऊन यायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. एका गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीनं (नाव घेत नाही) त्यांना विचारलं होतं की तिन्ही गाड्या आमच्याकडे लावा. गाडी तुमची, ड्रायव्हर तुमचा, देखभाल तुमची. माल आम्ही देऊ, किलोमीटरमागे ठरलेला दर देऊ, महिन्याला किमान इतके किलोमीटर पळवू. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं होतं.

ज्यांनी ट्रान्सपोर्टचा धंदा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: याला गाडी 'अटॅच' करणं म्हणतात. न लावलेली ती 'मार्केट'ची गाडी. ज्याचा माल असतो ती 'पार्टी'. हे तीन शब्द आले की पुढचं सगळं समजेल.

तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत. 'विषय आहे पण प्रश्न सापडत नाही' असे मेसेज मला दर आठवड्याला येतात. मामांच्या बाबतीत उलटं झालं. प्रश्न अगदी स्पष्ट वाटत होता, हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं होतं, आणि मी तो पहिल्याच झटक्यात चुकीचा मांडला. कसा, ते सांगते.

मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सवाली. माझ्या डोक्यात आलं ते तुमच्याही आलं असतं: लावलेल्या गाड्यांची कमाई काढू, मार्केटच्या गाड्यांची काढू, सरासरी लावू, फरक बघू. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मामांबरोबर ट्रकच्या अड्ड्यावर गेले. दोन दिवसांत बावीस मालकांशी बोलले. चहा किती झाले ते विचारू नका. संध्याकाळी हिशेब केला तर लावलेल्या गाड्यांची महिन्याची शिल्लक मार्केटवाल्यांपेक्षा बऱ्यापैकी कमी निघाली. मी मामांना म्हटलं, "नका लावू."

मामा हसले. म्हणाले, "अगं, ज्याच्याकडं सोताची पार्टी हाय त्यो कशाला लावंल गाडी? लावणारा अडलेला असतोय."

पहिलं वर्ष कोर्सवर्क करून मी जे शिकले होते ते मामांनी एका वाक्यात सांगितलं. याला सिलेक्शन बायस म्हणतात. गाडी लावायची की नाही हे नाणं उडवून ठरलेलं नसतं. ज्याला नियमित पार्ट्या नाहीत, ज्याचे हप्ते थकलेत, ज्याची गाडी महिन्यातून दहा दिवस उभी राहते, तोच लावतो. त्याची शिल्लक कमी दिसते, पण ती गाडी लावल्यामुळे कमी झाली की आधीपासूनच कमी होती, हे माझ्या सरासरीतून कळायला काहीच मार्ग नव्हता. कदाचित लावल्यामुळे ती वाढलेली असेल आणि वाढूनही मार्केटवाल्यांपेक्षा कमी असेल.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण रात्री झोप येईना आणि दुसरी चूक दिसली, जी मला जास्त लागली. मी माणसं कुठे शोधली? अड्ड्यावर. अड्ड्यावर कुठली गाडी सापडते? उभी असलेली! समजा लावलेली गाडी महिन्यात ४ दिवस उभी राहते आणि मार्केटची १२ दिवस. मग मी कुठल्याही दिवशी गेले तरी मार्केटची गाडी मला भेटण्याची शक्यता तिप्पट. बरं, मार्केटच्या गाड्यांमध्येही ज्या सगळ्यात जास्त दिवस उभ्या राहतात त्याच मला जास्त भेटणार. रोज पळणारी, चांगली कमावणारी गाडी त्या वेळी साताऱ्याच्या पुढे गेलेली असते. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांना विचारून शहरात बस किती वेळाने येते हे काढण्यासारखंच हे.

तिसरी चूक त्याच्याच शेजारची. ज्यांनी गाडी लावली, फसले आणि गाडी विकून मोकळे झाले, ते अड्ड्यावर नव्हतेच. ज्यांनी मार्केटमध्ये ठेवली आणि फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, तेही नव्हते. टिकलेल्यांनाच मी विचारलं होतं.

आता एक बारकावा लक्षात घ्या, कारण व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो. पहिली चूक लावलेल्या गाड्यांना वाईट दाखवते. दुसरी मार्केटच्या गाड्यांना वाईट दाखवते. तिसरी कुठल्या बाजूला ओढते ते सांगताच येत नाही. 'दोन्हीकडच्या चुका आहेत, म्हणजे एकमेकींना खोडतील' असं माझ्या एका सीनियरनं लिहिलेलं मी वाचलंय. खोडतील असं मानायला आधार काय? काहीच नाही.

हवं होतं ते वेगळंच. मामांची गाडी, याच वर्षी, लावली तर काय होईल आणि नाही लावली तर काय होईल, या दोनांतला फरक. यातलं एकच घडणार, दुसरं कधीच दिसणार नाही. न दिसणाऱ्या बाजूचा अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा, हाच कॉझल इन्फरन्सचा सगळा खटाटोप आहे.

हा प्रश्न नीट मांडलेला कुठे सापडेल म्हणून शोधत गेले तर अमेरिकेत पोहोचले. तिथे एक-दोन ट्रकवाल्या मालकाला ओनर-ऑपरेटर म्हणतात आणि त्याच्यापुढे हाच पेच असतो. एक, स्वतःच्या परवान्यावर (तिकडे 'ऑथॉरिटी' म्हणतात) धंदा करायचा. दोन, आपला ट्रक मोठ्या कंपनीला लीजवर देऊन तिच्या परवान्याखाली चालवायचा. आपल्याकडच्या अटॅचसारखंच, पण एक मोठा फरक आहे: तिथे हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे आणि म्हणून संशोधकाला दिसतं.

हा पेच आला कुठून, तेही गमतीशीर आहे. १९३५च्या मोटर कॅरियर ॲक्टनं आंतरराज्य मालवाहतुकीचं नियमन एका केंद्रीय आयोगाकडे दिलं. नवीन परवाना मिळणं महाकठीण. मात्र प्रक्रिया न केलेला शेतमाल या नियमांतून वगळला होता. त्यामुळे एकटा ट्रकवाला फळं-भाज्या घेऊन जाऊ शकायचा, पण येताना कारखान्याचा माल भरायचा तर परवानावाल्या कंपनीला ट्रक लीजवर द्यावा लागायचा. म्हणजे 'लावू का नको' हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे नव्हताच, लावणं भागच होतं. १९८०च्या मोटर कॅरियर ॲक्टनं ही दारं उघडली. आज तिथल्या मोटर कॅरियर सुरक्षा खात्याकडे परवान्याच्या अर्जाची फी ३०० डॉलर आहे. फी किरकोळ वाटते, पण साधा माल वाहणाऱ्या मोठ्या ट्रकला त्रयस्थांच्या नुकसानीसाठी किमान ७,५०,००० डॉलरचं विमा संरक्षण दाखवावं लागतं आणि नव्या परवानाधारकाला त्याचा हप्ता चांगलाच जड जातो. कंपनीला ट्रक लावला की हे संरक्षण कंपनीच्या गळ्यात. निवड खरोखरीची झाली ती इथपासून.

आणि निवड खरोखरीची झाली की अभ्यासकांना काम मिळतं. जॉर्ज बेकर आणि थॉमस हबार्ड या दोघांचा २००४चा पेपर 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आहे. तुम्ही अर्थशास्त्राचे नसाल तरी पद्धत शिकण्यासाठी वाचा. त्यांनी 'कोण जास्त कमावतो' हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ट्रक चालवणाऱ्याच्याच मालकीचा असणं कधी सोयीचं आणि कधी नाही?

युक्तिवाद असा. ड्रायव्हर ट्रक कसा चालवतो ते कंपनीला दिसत नाही. पगारी ड्रायव्हर गाडी दामटतो, लवकर पोहोचतो, ढाब्यावर निवांत झोपतो. डिझेल आणि टायर कंपनीचे. ट्रक स्वतःचा असेल तर माणूस आपोआप जपून चालवतो. म्हणजे मालकी हीच देखरेख. पण मालकीला दुसरी बाजूही आहे: ट्रक ज्याच्या हातात आहे तो स्वतःसाठी बाहेरची भाडी शोधत बसेल, ऐनवेळी कंपनीशी घासाघीस करेल. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस ट्रकमध्ये ऑन-बोर्ड कॉम्प्युटर यायला लागले. वेग, थांबे, इंजिन कसं वापरलं, सगळी नोंद. ज्या गोष्टीसाठी मालकी लागत होती ती आता कॉम्प्युटर करायला लागला. म्हणून त्यांचं भाकीत: कॉम्प्युटर येतील तसे ड्रायव्हरच्या मालकीचे ट्रक कमी होतील आणि लांब पल्ल्यावर हे जास्त दिसेल. आकड्यांत तसंच निघालं.

आता माझ्या वहीतली चूक इथेही होऊ शकली असती. कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपन्या मुळातच वेगळ्या असतील तर? त्यांच्याकडे अमेरिकेच्या जनगणना खात्याचं दर ५ वर्षांनी होणारं ट्रकांचं सर्वेक्षण होतं, पण दोन्ही वेळा तोच ट्रक त्यात सापडत नाही. म्हणून त्यांनी सारख्या ट्रकांचे गट पाडले (राज्य, माल, ट्रेलर, पल्ला असं बघून) आणि काळाच्या ओघात त्या गटात कॉम्प्युटर किती वाढले, मालकी किती बदलली हे पाहिलं. गटाचा जो कायमचा स्वभाव असतो तो अशा वजाबाकीत निघून जातो. सगळा प्रश्न यानं सुटत नाही, पण दोन दिवस अड्ड्यावर जाऊन आलेल्या माझ्यासारखीच्या कितीतरी पुढचं आहे.

पेपर वाचून मी मामांना विचारलं, "कंपनी जीपीएस बसवणार आहे का?" म्हणाले, "पहिली अटच ती हाय." मग मी विचारलं, "तुमच्याकडे असं काय आहे जे जीपीएसला दिसत नाही?" थोडा वेळ विचार करून म्हणाले, "रातच्या अकराला फाउंड्रीवाला फोन करतोय, अर्जंट हाय म्हणून. मी उचलतोय."

मला वाटतं मामांची खरी मालमत्ता ती. ट्रक कोणीही घेईल. पण गाड्या लावल्या की तो अकराचा फोन मामा उचलू शकणार नाहीत, कारण गाडी कंपनीच्या कामावर असेल. दोन-तीनदा नाही म्हटलं की पार्टी दुसरा माणूस धरते आणि वर्षाने करार मोडून परत आलात तरी ती परत येत नाही. नफ्याच्या सरासरीत हे कुठेच दिसत नाही. एका बाजूने दार उघडं राहतं, दुसऱ्या बाजूने बंद होतं. दोन्हींची शिल्लक सारखी निघाली तरी निर्णय सारखे नाहीत.

याच शोधात दुसरी एक गोष्ट हाती लागली आणि खरं सांगायचं तर मामांना तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत भाग ३७६ आहे, लीजच्या कराराबद्दलचा. करारात काय काय लिहिलेलं असलंच पाहिजे ते त्यात दिलंय. लीजच्या काळात ट्रकचा ताबा आणि नियंत्रण पूर्णपणे कंपनीकडे राहील. मोबदला किती ते करारातच लिहायचं. ट्रकवाल्यानं आवश्यक कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. मोबदला भाड्याच्या टक्क्यांत असेल तर मूळ भाड्याच्या बिलाची प्रत ट्रकवाल्याला दाखवायची, म्हणजे कंपनीनं पार्टीकडून किती घेतले ते कळतं. मोबदल्यातून काय काय कापणार ते आधीच लिहायचं. अनामत ठेवली असेल तर करार संपल्यावर ४५ दिवसांच्या आत परत. डिझेल, टायर, विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही. प्रत्येक कलमामागे कधीतरी कोणीतरी फसलेलं असणार, हे वाचतानाच कळतं.

आपल्याकडे २००७चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, पण त्याचा भर माल पाठवणारा आणि वाहक यांच्यातल्या जबाबदारीवर आहे. म्हणून मी भाग ३७६च्या कलमांची मराठीत एका पानाची यादी केली, आणि मामा, मी आणि मामी असे तिघं कंपनीच्या कराराचा मसुदा घेऊन बसलो. एकेक मुद्दा वाचायचा आणि मसुद्यात शोधायचा. दर होता. किलोमीटरची हमी होती. कपातींच्या कलमात शेवटी 'इत्यादी' असा शब्द होता. मामी म्हणाल्या, "ह्या इत्यादीत काय काय बसतंय?" पैसे किती दिवसांत मिळणार? 'कंपनीच्या प्रचलित नियमांनुसार'. मामांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, साधारण ६० दिवस.

आता हिशेब. मी आकडे गोल केलेत, मामांच्या वहीतले हुबेहूब नाहीत, पण प्रमाण तेच आहे. एका गाडीचं बघू.

चाकणला जाऊन येऊन ५२० किलोमीटर. जाताना १५,००० रुपये भाडं, रिटर्न मिळालं तर ९,०००. डिझेल, टोल, टायर धरून चलता खर्च किलोमीटरला २८ रुपये. साधारण महिन्यात १२ फेऱ्या, त्यातल्या ६ वेळा रिटर्न भाडं. आवक २,३४,०००, खर्च १,७४,७२०, उरले ५९,२८०. चांगल्या महिन्यात १४ फेऱ्या आणि १० रिटर्न, उरतात ९६,१६०. वाईट महिन्यात ८ फेऱ्या आणि २ रिटर्न, उरतात २१,५२०. ड्रायव्हर, विमा, टॅक्स, हप्ता असा ठरलेला खर्च महिन्याला ५५,००० आहे. म्हणजे वाईट महिना आला की ३३,४८० रुपये खिशातून घालायचे.

तिन्ही प्रकारचे महिने सारख्याच वेळा येतात असं धरलं तर सरासरी ५८,९८७.

कंपनीला लावली तर ७,००० किलोमीटरची हमी, दर ३६ रुपये, रिकामे असोत की भरलेले. आवक २,५२,०००, चलता खर्च १,९६,०००, उरले ५६,०००. दर महिन्याला.

फरक अंदाजे ३,००० रुपयांचा. याला मी विम्याचा हप्ता म्हणेन. महिन्याला ३,००० सोडून द्यायचे आणि वाईट महिन्याची भीती घालवायची. हप्ते चालू असलेल्या माणसाला हा सौदा वाईट नाही. इथपर्यंत आल्यावर माझं उत्तर 'लावा'कडे झुकलं होतं.

पण मग ते ६० दिवस. मार्केटच्या भाड्यात मामांना गाडी सुटतानाच ८० टक्के ॲडव्हान्स मिळतो, डिझेल त्यातूनच भरलं जातं. कंपनीत दोन महिन्यांचा चलता खर्च स्वतः घालावा लागणार: १,९६,००० गुणिले दोन, म्हणजे ३,९२,००० एका गाडीमागे. तीन गाड्यांचे पावणेबारा लाख. एवढे पैसे मामांकडे नाहीत. बाहेरून महिना दीड टक्क्यानं उचलले तर एका गाडीमागे व्याज ५,८८०. विम्याचा हप्ता ३,००० वरून एकदम ९,०००च्या घरात गेला. शिवाय यात ड्रायव्हरचा पगार आणि बँकेचा हप्ता मी धरलेलाच नाही, तेही त्या दोन महिन्यांत थांबत नाहीत.

म्हणजे ज्या गोष्टीवर निर्णय फिरत होता ती माझ्या बावीस मालकांच्या प्रश्नावलीत नव्हतीच. मी शिल्लक विचारली होती. पैसे किती दिवसांनी मिळतात हे एकालाही विचारलं नव्हतं. गंमत म्हणजे वहीच्या मागच्या पानावर, चहाच्या गप्पांत टिपलेलं एक वाक्य सापडलं: 'लावलेली गाडी बरी, पण उधारी मारते.' ते मी 'इतर' या सदरात टाकून दिलं होतं. पायलट सर्व्हे करताना 'इतर'मधली वाक्यं पुन्हा पुन्हा वाचा रे, एवढं एक फुकटचं सांगते.

काळाचा मुद्दाही राहिला होता. अमेरिकेत २०२१मध्ये स्पॉट मार्केटचे दर खूप चढले आणि हजारो छोट्या मालकांनी स्वतःचे परवाने काढले. त्या वर्षी कोणी तुलना केली असती तर 'लीज म्हणजे मूर्खपणा' असा निष्कर्ष निघाला असता. २०२२ आणि २३मध्ये दर पडले, त्यातले कितीतरी बंद झाले, कितीतरी मोठ्या कंपन्यांकडे परत लीजवर गेले. तेव्हाची तुलना बरोबर उलटं सांगेल. एकाच वर्षाचा डेटा हातात असेल तर आपण लीजचा परिणाम मोजतोय की त्या वर्षाचा, हे वेगळं काढता येत नाही. मामांच्या वहीत करोनाचं वर्ष होतं, ते मी वरच्या हिशेबातून वगळलं. वगळायला हवं होतं का? मार्गदर्शकांनी विचारलं असतं तर माझ्याकडे ठाम उत्तर नव्हतं. तसला वाईट महिना पुन्हा येणारच नाही असं थोडंच आहे.

आणि कंपनी मोठी म्हणजे सुरक्षित, हेही तपासून बघायला हवं. इंडियानापोलिसची सेलाडन ही अमेरिकेतली मोठी ट्रक कंपनी डिसेंबर २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचे ड्रायव्हर रस्त्यात असतानाच काम थांबलं. वाईट महिना मार्केटमध्ये वारंवार येतो पण छोटा असतो. कंपनीकडे तो क्वचित येतो, पण आला की तिन्ही गाड्या एकाच दिवशी उभ्या. मी शिल्लकेतला चढउतार मोजला होता तो फक्त पहिल्या प्रकारचा. दुसरा मोजायला माझ्याकडे एकही नोंद नव्हती.

शेवटी मामांना मी हो-नाही काहीच सांगितलं नाही. एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले आणि कंपनीनं डिझेल कार्ड दिलं तर एक गाडी लावणं परवडतं. ६० दिवस असतील तर एकही नाही. तिन्ही कुठल्याच परिस्थितीत नाही, कारण अकराचा फोन उचलायला निदान दोन गाड्या हातात हव्यात. मामांनी कागद खिशात घातला आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. तीन तास. ४५ दिवस लेखी मिळाले, डिझेल कार्ड मिळालं, 'इत्यादी' काही निघाला नाही. एक गाडी लावली.

मी खूश. मनात म्हटलं, आता खरा प्रयोग झाला! एकच मालक, तोच रस्ता, तोच हंगाम, एक गाडी लावलेली, दोन मार्केटमध्ये. वर्षभराचा डेटा आला की एक छोटा पेपर तरी होईल. मामांना वहीत चार रकाने आखून दिले: एकूण किलोमीटर, रिकामे किलोमीटर, मिळालेली रक्कम, पैसे हातात आल्याची तारीख. दर रविवारी ते पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात.

तिसऱ्या रविवारी फोन केला आणि सहज विचारलं, "मामा, तीनपैकी कुठली गाडी लावली?"

"नवी. कंपनीला ५ वर्षांच्या आतलीच चालती की."

म्हणजे कमी डिझेल पिणारी, कमी बिघडणारी, आणि हप्ते चालू असलेली नेमकी तीच. मी वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि पाचवा रकाना आखला: लिटरमागे किलोमीटर. मामांना सांगितलं, जुन्या दोन गाड्यांचंही लिहायचं, रोज. म्हणाले, "लिवतो. पण रिकामं किलोमीटर ड्रायव्हर खरं सांगत न्हाय, ते तुझं तू बघ."

आत्तापर्यंत सात फोटो आलेत. दुसऱ्या रकान्यात चार ठिकाणी नुसती आडवी रेघ आहे.